भिंत कुणाची, रंग कुणाचा

फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिम वेशीवर ६९व्या रस्त्याचं स्टेशन आहे. तिथून शहरात जाणारी गाडी थोडं अंतर जमिनीवरून जाते आणि मग लोखंडी खांबांवर चढते. लोक तिला नुसतं 'एल' म्हणतात. जुन्या दुकानांच्या गच्च्यांच्या उंचीवरून ती धावत असते. त्यामुळे खिडकीतून दिसतात त्या दुकानांच्या दर्शनी पाट्या नव्हेत, तर त्यांच्या बाजूच्या आणि मागच्या उघड्या विटांच्या भिंती. एरवी ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशा. आणि त्या भिंतींवर एका मुलाने एका मुलीला लिहिलेलं प्रेमपत्र आहे. एक वाक्य या भिंतीवर, दुसरं पुढच्या स्टेशनाजवळ. पत्र पुरं वाचायचं तर तिकीट काढावं लागतं.

हे काम स्टीव्ह पॉवर्स नावाच्या चित्रकाराचं. २००९ साली ४५व्या रस्त्यापासून ६३व्या रस्त्यापर्यंत त्याने अशा ५० भिंती रंगवल्या. सगळ्या आज शिल्लक नाहीत, पण ज्या आहेत त्यांच्यावरून पत्राचा सूर कळतो. गडी याच शहरातला. तरुणपणी भिंतींवर चोरून नाव लिहिणाऱ्यांपैकी. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो भरदिवसा बंद दुकानांची शटर्स रंगवू लागला आणि कुणी हटकलंच तर एका भारदस्त नावाच्या योजनेचं काम चालू आहे म्हणून सांगू लागला. योजना अर्थात त्याच्या डोक्यातच होती! फिलाडेल्फियात मात्र तो रीतसर आमंत्रणावरून आला आणि येताना त्याने आणखी एक गोष्ट केली. त्याच रस्त्यावर पाट्या रंगवण्याचं दुकान थाटलं, तिथल्या पोरांच्या हातात ब्रश दिला आणि आसपासच्या दुकानदारांना पाट्याही रंगवून दिल्या. मला त्या ५० चित्रांपेक्षा हे दुकान जास्त आवडलं.

माझी मुलगी त्या शहरात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या बारा वर्षांत चार-पाच वेळा मी तिच्याकडे जाऊन राहिले आहे, दर खेपेला पाच-सहा महिने. परदेशी मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईबापांचे दिवस कसे जातात हे पुष्कळ घरांत आता ठाऊक आहे. सकाळी साडेआठला घर रिकामं होतं. मग भांडी, फोन, खिडकी. मी खिडकी सोडून रस्त्यावर उतरले एवढंच. आणि रस्त्यावर भिंती भेटल्या.

चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण दुकानाच्या भिंतीवर काय लिहिलंय, कुणी लिहिलंय आणि त्याचे पैसे कुणी दिले, हे वाचण्याची सवय मला नोकरीनेच लावली. ती सवय भिवंडीची.

१९८७ साली माझी बदली भिवंडी शाखेत झाली. लूमचा खटखटाट शाखेच्या काउंटरपर्यंत ऐकू यायचा आणि वीज गेली की जी शांतता पसरायची तिने दचकायला व्हायचं. आमच्या शाखेचे निम्मे कर्जदार यंत्रमागवाले. कुणाचे चार लूम, कुणाचे चोवीस. सूत आणि माल तारण ठेवून कर्ज दिलं की बँकेचा एक नियम असे: कारखान्याच्या दारावर किंवा भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लिहायचं, की इथला माल आणि यंत्रसामग्री अमुक बँकेकडे तारण आहे. हा बोर्ड रंगवून घ्यायचं काम शाखेचं आणि रंगवल्याचा खर्च कर्जदाराच्या खात्यात नावे. तपासणीला गेलं की आधी बोर्ड आहे का ते पाहायचं, मग आत शिरून सुताच्या गाठी मोजायच्या.

म्हणजे पाहा, धंद्याच्या बाहेरच्या भिंतीवर पैसे देऊन रंगकाम करून घेणारी मी स्वतःच एक होते. फरक एवढाच, की आमच्या कलाकृतीवर कुणी खूश नसे.

एका मोमीन कारखानदाराने मला सरळ विचारलं, "म्याडम, ये अंदर की दीवार पे नहीं चलेगा क्या?" त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. पाहुणे येणार, दारातच कर्जाची जाहिरात. नियम दाखवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. वाट काढली ती पेंटरने. शाखेची सगळी कामं हेच पेंटर करत. त्यांचं नाव इथे देत नाही. गावातही त्यांना नावाने फारसं कुणी हाक मारत नाही, पेंटर म्हटलं की झालं. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, म्हणजे माझ्याच वयाचे. त्यांनी बँकेचा मजकूर कारखान्याच्या नावाच्या बरोबरीच्या आकारात घेतला, शेडचं अक्षर काढलं, लाल अक्षराला पिवळी कड आणि भोवती वेलबुट्टी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी मोठ्या कंपनीची एजन्सी आहे. कारखानदार खूश. पुढच्या महिन्यात गल्लीतले आणखी दोघे शाखेत आले आणि म्हणाले, तसाच बोर्ड आम्हालाही पाहिजे, खर्च नावे टाका. बँक पैसे देते म्हणजे धंदा खरा, असा त्या वेलबुट्टीचा अर्थ गल्लीने लावला होता. आमच्या विभागीय कार्यालयातून तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र शेरा मारला: बोर्डाचा आकार नमुन्याप्रमाणे नाही.

मी त्यांचं काम पाहायला म्हणून अनेकदा थांबले आहे. निळीच्या पाण्यात बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणून धरायची, मधून चिमटीत उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. मग खडूने अक्षरांच्या जागा. काठीच्या टोकाला फडक्याचा गोळा बांधलेला, ती काठी भिंतीला टेकवून तिच्यावर मनगट ठेवायचं आणि पट्टी ब्रशाने एका दमात खालपर्यंत यायचं. मध्ये थांबलं की एनॅमलमध्ये सांधा दिसतो. भिवंडीच्या पेंटरला एकाच लिपीवर भागत नसे. बाजारात मराठी आणि हिंदी, मोहल्ल्यात उर्दू, पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या विणकरांची तेलुगू, पेढीवर गुजराती. आमच्या पेंटरना उर्दू वाचता येत नव्हतं. कातिबाकडून कागदावर मजकूर लिहून आणायचे आणि भिंतीच्या उजव्या टोकापासून सुरुवात करायचे. "डाव्या बाजूने काढलं तरी दिसेल तसंच," ते म्हणाले होते, "पण हात अडतो. अक्षराला त्याच्या चालीनं चालू द्यायला पाहिजे."

त्यांना मी कर्जही दिलं. सुशिक्षित बेरोजगारांना स्वयंरोजगारासाठी कर्ज देण्याची केंद्र सरकारची योजना १९८३ साली सुरू झाली होती. मॅट्रिक झालेला अर्जदार, जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस. अर्जात मालमत्तेच्या रकान्यात पेंटरनी लिहिलं होतं: शिडी एक, ब्रश एकवीस, हात दोन. मॅनेजर हसले, पण सही केली. हप्ते एकही न चुकवता फिटले.

एक गोष्ट त्या अक्षरांमधून मी हळूहळू शिकले. १९८४च्या मे महिन्यातल्या दंगलीला तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि त्याआधीची १९७०ची दंगल जुनी माणसं कालची असल्यासारखी सांगायची. जळालेली दुकानं पुन्हा उभी राहिली होती आणि त्यांच्यावरचे बोर्ड नवे होते. पेंटर मला म्हणाले, "बघा म्याडम, नवीन नावं वाचा." मी वाचली. नॅशनल. भारत. न्यू स्टार. पॉप्युलर. आधी ज्या पाट्यांवर आजोबाचं, मुलाचं, देवाचं, पिराचं नाव असे, तिथे अशी नावं आली होती ज्यांना जात नाही आणि धर्म नाही. पाटी वाचून दुकान कुणाचं ते कळू नये, म्हणून पैसे देऊन रंगवून घेतलेली पाटी! पुढे त्याच शहरात सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्यांच्या काळात मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हा इतिहास आता अभ्यासकांच्या पुस्तकांत गेला आहे. पण पाट्यांवरची आजोबांची नावं काही सगळी परत आली नाहीत.

हे सगळं डोक्यात घेऊन मी फिलाडेल्फियाच्या भिंती पाहत होते.

त्या शहरात १९८४पासून आजवर ४,०००च्या वर भित्तिचित्रं झाली आहेत. सुरुवात सौंदर्यदृष्टीने झाली नाही, वैतागातून झाली. भिंती खराब करणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी महापौर विल्सन गुड यांनी एक मोहीम काढली आणि जेन गोल्डन नावाच्या तरुण चित्रकर्तीला त्या पोरांशी बोलायला पाठवलं. तिने त्यांना भिंत पुसायला लावण्याऐवजी मोठं चित्र काढायला लावलं. १९९६मध्ये त्याचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. महापालिकेचा काही पैसा, काही देणगीदारांचा. भिंत बहुधा खासगी, कुणाच्या तरी दुकानाची किंवा घराची, म्हणून मालकाचा होकार आधी. मग वस्तीच्या बैठका. चित्रात काय असावं यावर तिथेही गणपती मंडळाच्या बैठकीइतकीच भांडणं होतात, हे मला कळलं तेव्हा बरं वाटलं.

कामाची रीतही ऐकण्यासारखी. भिंतीवर थेट रंगवण्याऐवजी पुष्कळदा चित्राचे चौकोन पाडून ते पातळ, न विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर रंगवतात आणि मग वॉलपेपरसारखे भिंतीला चिकटवतात. त्यामुळे उंच परांचीवर चढू न शकणारी माणसंसुद्धा चित्र रंगवू शकतात: शाळेतली मुलं, म्हाताऱ्या बायका, तुरुंगातले कैदी. जन्मठेपेच्या कैद्याने रंगवलेला तुकडा शहराच्या भिंतीवर जातो, तो स्वतः कधी पाहायला येणार नसतो. भिवंडीत आयुष्य गेलेल्या बाईला यात आणखीही काही दिसतं. आपल्याकडे फ्लेक्स यायच्या आधी सभा-संमेलनांचे फलक मांजरपाटावर रंगवले जात, तेही शेवटी कुणाच्या तरी लूमवरून उतरलेलं कापडच. रंग आणि कापड यांचं नातं फिलाडेल्फियाला नवं नाही. तेही एके काळी कापडाचं, गालिच्यांचं, लेसचं शहर होतं. गिरण्या बंद पडल्या आणि उत्तर भागात मोडक्या इमारती, बंद शटर्स आणि रिकामे प्लॉट उरले.

त्याच भागात जर्मनटाउन अॅव्हेन्यू आहे. २०१२ साली दोन डच चित्रकारांनी तिथल्या दुकानांचे पन्नासेक दर्शनी भाग रंगवले. या जोडीने आधी ब्राझीलमध्ये, रिओच्या झोपडपट्टीतली घरं रंगवली होती. इथे त्यांनी चित्र असं काढलंच नाही. आसपासच्या विटा, दारं, पाट्या यांच्यात जे रंग सापडले त्यांच्या पट्ट्या केल्या आणि त्या पट्ट्या एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर नेल्या. हाताखाली वस्तीतलेच लोक, पगारावर. मी गेले तेव्हा रंग उडालेले होते, काही दुकानं बंद होती. मुलीने विचारलं, "आई, मग उपयोग काय झाला?" माझ्यातली बँक अधिकारी तोच प्रश्न विचारत होती. रंगाने गिऱ्हाईक वाढतं का याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण ज्या पोरांना त्या कामाचा पगार मिळाला, त्यांच्या हातात तो पगार खराच पडला होता आणि परांचीवर काम करण्याचं शिक्षणही. आपल्याकडे सुशोभीकरण म्हणून जो खर्च होतो त्यातला किती पैसा त्याच रस्त्यावरच्या माणसाच्या हातात पडतो, हे पाहण्याची सवय आपल्याला नाही.

भिंत मालकाची, मग चित्र कुणाचं? या प्रश्नावर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मोठा खटला झाला. एका बंद कारखान्याच्या भिंतींवर मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं चित्रकार रंगवत होते, बघायला पर्यटक येत होते. जागेचा भाव वाढला, मालकाला टॉवर बांधायचे होते. २०१३च्या नोव्हेंबरात एका रात्रीत त्याने सगळं पांढरं करून टाकलं. चित्रकार कोर्टात गेले. अमेरिकेत १९९०चा एक कायदा आहे, त्यात नावाजलेल्या कलाकृतीचा नाश करण्यापासून कलावंताला संरक्षण आहे. २०१८मध्ये न्यायाधीशांनी २१ चित्रकारांना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर द्यायला लावले आणि २०२०मध्ये वरच्या कोर्टात तो निकाल टिकला. इमारत पाडण्याचा मालकाचा हक्क कुणी नाकारला नव्हता. आधी नोटीस देऊन चित्रकारांना वेळ दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

असलं काही आपल्याकडे होणार नाही असं म्हणायच्या आधी अमरनाथ सहगल आठवावेत. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भव्य ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली डागडुजीच्या वेळी उतरवून, मोडून गोदामात टाकलं गेलं. सहगल सरकारविरुद्ध लढले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि वर ५ लाख रुपये भरपाई. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५७व्या कलमाच्या आधारे. हे कलम आमच्या पेंटरना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. "म्याडम, माझं एक अक्षर पुसलं त्याला एक रुपया धरा. भिवंडी माझी होईल."

पुसण्याची दुसरी बाजूही आहे. फिलाडेल्फियाच्या इटालियन मार्केटमध्ये, भाजी-मासळीच्या दुकानांच्या रांगेत, एका इमारतीवर फ्रँक रिझो यांचं मोठं चित्र होतं. हे आधी पोलिस प्रमुख, मग महापौर. इटालियन वस्तीला आपला माणूस वर गेला म्हणून अभिमान आणि कृष्णवर्णीयांना त्यांच्या पोलिसांच्या लाठ्यांची आठवण. १९९५पासून चित्र तिथे होतं, त्याच्यावर रंग फेकला जाई आणि पुन्हा रंगवलं जाई. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, जून २०२०मध्ये, मालकाच्या संमतीने ते एका सकाळी रंगाखाली गेलं. तिथे खरेदीला जाताना माझी मुलगी कायम रस्त्याची दुसरी बाजू धरायची, हे मी आधी पाहिलं होतं. कारण विचारल्यावर म्हणाली, "माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईसोबत एकदा आले होते. तिने त्या भिंतीकडे पाठ करून भाजी घेतली. तेव्हापासून मलाही तिथे उभं राहवत नाही." भिंतीवरचं चित्र सगळ्यांसाठी असतं असं आपण सहज म्हणतो. पाठ करून भाजी घेणारं कुणी आहे का, ते पाहावं लागतं.

आपल्याकडे चित्रांची परंपरा काही थोडीथोडकी नाही. वाई-मेणवलीच्या वाड्यांतली पेशवाई चित्रं, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी रंगवलेले पडदे, मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरणारे तरुण एम. एफ. हुसेन. आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांनी लग्नघराच्या भिंतीवरची वारली चित्रं कागदावर आणली आणि २०११ साली पद्मश्री घेतली. आणि गावोगावच्या त्या गेरूच्या, निळीच्या भिंती: दंतमंजन, विडी, सिमेंट, लाल त्रिकोण. १९९५मध्ये मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा कायदा राज्यात आला, तरी भिंत रंगवणं थांबलं नाही. थांबवलं ते फ्लेक्सने. २०००नंतर पाच-सात वर्षांत आमच्या शाखेचा शेवटचा रंगवलेला बोर्ड उतरला.

गेल्या दशकात मुंबईत भिंती पुन्हा बोलू लागल्या. २०१४ साली वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके रंगवले. हा चित्रकार हरियाणातल्या खेड्यात भिंतींना रंग लावण्यापासून वर आलेला. २०१७मध्ये ससून डॉकच्या गोदामांत आणि भिंतींवर कोळ्यांचे चेहरे आले. यातलं बरंचसं काम स्टार्ट इंडिया नावाच्या संस्थेचं, एका रंग कंपनीच्या पैशाने. रंग कंपनीने पैसा दिला म्हणून नाक मुरडणारे आहेत, मी त्यातली नाही. पूर्वी देवळाच्या शिखरावर रंग लावणाऱ्या शेठजीचं नाव पायरीवर असायचंच. याच संस्थेच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी हे स्वतः पाट्यांच्या अक्षरांवर जीव टाकणारे. गावोगावच्या पेंटरांकडून त्यांची अक्षरं काढून घेऊन त्यांनी ती संगणकावर आणली, त्या अक्षरवळणांना पेंटरांचीच नावं दिली. २०२४मध्ये, ऐन चाळिशीत, ते गेले.

भिवंडीत यातलं काही आलं नाही. गोदामं आली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा इथे गोदामं उठली. २०१७मध्ये जकात गेली, जीएसटी आला, तरी गोदामं वाढतच गेली. लांबच लांब पत्र्याच्या भिंती, त्यांच्यावर एक अक्षर नाही. आत कुणाचा माल आहे ते फक्त मोबाइलला ठाऊक. लूम मात्र भंगारात वजनावर गेले. शहरातल्या भिंतींवर चित्रं म्हणाल तर दोन प्रकारची: स्वच्छतेची स्पर्धा जवळ आली की महापालिका रंगवून घेते ती झाडं आणि कचरापेट्या, आणि कोपऱ्यात लोकांनी आडोसा करू नये म्हणून दुकानदार लावतात त्या देवादिकांच्या टाइल्स. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का, ओळीने. २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मला वाटलं होतं, पेंटरना दिवस येतील. पाट्या आल्या. सगळ्या एकाच संगणकातल्या एकाच वळणाच्या. मराठी मोठी झाली हे उत्तम, पण ती कुणाच्या हातची नव्हती.

मागच्या खेपेला परत आले ती फिलाडेल्फियाच्या भिंतींचे फोटो घेऊन आणि पेंटरच्या घरी गेले. साठी उलटून गेली आहे. मुलगा फ्लेक्सचं डिझाइन करतो. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात मात्र थरथरत नाही, हे त्यांनी चहाचा कप कडेपर्यंत भरून दाखवलं. फोटो बारकाईने पाहिले. "यांना फूटमागे किती मिळतात?" हा पहिला प्रश्न.

तेवढ्याने माझं समाधान होईना. कल्याण नाक्याच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक सुताचे व्यापारी आहेत, पूर्वीचे कर्जदार. त्यांच्या दुकानाची बाजूची भिंत तीस फूट लांब, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली. त्यांना मी हिशोब मांडून दाखवला: दर पावसाळ्यानंतर बदलावा लागणारा फ्लेक्स आणि सात-आठ वर्षं टिकणारा रंग. शेठ म्हणाले, "म्याडम, तुम्ही सांगता तर करू. पण देव काढा, म्हणजे कुणी थुंकणार नाही." पेंटरनी तिथल्या तिथे सांगितलं, "देवाला वॉचमन म्हणून बसवायचं काम माझ्याकडून होणार नाही. दुसरं काय ते बोला."

दुसरं काय, यावर तीन बैठका झाल्या आहेत. शेठना सुताचे कोन आणि मोबाइल नंबर पाहिजे. पेंटरना त्या गल्लीतल्या गेलेल्या कारखान्यांची नावं काढायची आहेत, ज्या लिपीत होती त्या लिपीत, ज्या वळणाची होती त्या वळणाची, सगळी एका भिंतीवर. त्यांनी वहीत यादी केली आहे, एकेचाळीस नावं. आजोबांची, मुलांची, पिरांची, देवांची. वाचता न येणारी उर्दू नावंसुद्धा त्यांनी हाताच्या आठवणीने काढली आहेत. एका कातिबाच्या नातवाला दाखवली, त्याने दोनच नुक्ते दुरुस्त केले. यादी पाहून शेठ गप्प झाले. मग म्हणाले, "यातले सात-आठ जण चौऱ्याऐंशीनंतर गाव सोडून गेले. त्यांची नावं आता कशाला? उगाच कुणी विचारायला येईल." पेंटर म्हणाले, "येऊ द्या की. सांगू, इथे होते म्हणून."

माझं मत विचाराल तर मी पेंटरच्या बाजूची आहे आणि शेठनाही ते ठाऊक आहे. पण भिंत त्यांची, पैसे त्यांचे आणि संध्याकाळी शटर ओढून त्याच गल्लीतून घरी जायचं तेही त्यांनाच. मी काय, नोव्हेंबरात पुन्हा मुलीकडे जाईन. त्यामुळे मी जोर केला नाही. दोन आठवड्यांपूर्वी शेठचाच फोन आला. त्यांच्या थोरल्या भावाने यादी वाचली होती आणि तिच्यात एक नाव राहिलंय, असं सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांचा पहिला कारखाना, भागीदारीतला. भागीदार त्या सात-आठांपैकीच एक. ते नाव घालायचं असेल तर बाकीची कशी गाळणार, असा पेच शेठनी स्वतःच मला घातला.

पेंटरनी पाच हजार उचल घेतली आहे. मोबाइल नंबर खालच्या कोपऱ्यात, चार इंची आकड्यांत, आणि त्याच्या शेजारी पेंटरची सही तेवढ्याच उंचीची, असं ठरलं आहे. भिंत घासून, प्रायमर मारून वाळत ठेवली आहे. परांचीचे बांबू कुणाच्या खर्चाने आणायचे, यावर मात्र अजून बोलणं चालू आहे.